जामीनकी

मध्यस्थाविषयी आपल्या समाजाच्या मनात जी अढी आहे, ती अकारण बसलेली नाही. शेतातून निघालेला कांदा गृहिणीच्या टोपलीत पडेपर्यंत मधले किती हात आपापली अडत कापून घेतात, याचा हिशेब ज्याने एकदा मांडून पाहिला, त्याला उत्पादक आणि उपभोक्ता यांच्यामधली सारी माणसे बाजूला सारावीत असे वाटले, तर त्यात नवल नाही. परंतु या रास्त संतापाच्या भरात एक भेद आपल्या नजरेआड होतो. व्यवहाराच्या मध्ये उभे राहणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक आपला वाटा घेऊन बाजूला होणारा. आणि दुसरा, व्यवहार फसला तर माझ्या दारी या, असे म्हणून दस्तऐवजावर स्वतःचे नाव घालणारा. पहिल्याला आपण दलाल म्हणतो, दुसऱ्याला जामीन. दलालाचे काम सौदा पुरा झाला की संपते. जामिनाचे काम तेथून सुरू होते.

प्रस्तुत लेखात मला या दुसऱ्या मध्यस्थाची बाजू मांडावयाची आहे, आणि त्यासाठी मी निवडलेले उदाहरण म्हणजे लिनक्सच्या एखाद्या वितरणासाठी सॉफ्टवेअरची पॅकेजे बांधणारा आणि बांधलेली पॅकेजे वर्षानुवर्षे सांभाळणारा मेंटेनर. पॅकेज बांधायला शिकणे हे वरकरणी तंत्राचे शिक्षण दिसत असले, तरी वस्तुतः ते जामीनकीचे शिक्षण आहे. आणि ही जामीनकी जेथे कोणीच पत्करीत नाही, तेथे मध्यस्थ नाहीसा होतो असे नसून जोखीम तेवढी अजाण माणसाच्या माथी जाते, असे माझे प्रतिपादन आहे.

लिनक्स हे नाव ज्याला काटेकोरपणे लागू पडते, तो संगणकाच्या कारभाराचा केवळ गाभा होय. त्याच्याभोवती लेखन, मुद्रण, दळणवळण, चित्र, ध्वनी, गणित अशा नाना प्रयोजनांची सहस्रावधी सॉफ्टवेअरे असतात, आणि ती परस्परांना कधीही न भेटलेल्या माणसांनी, आपापल्या सोयीने, आपापल्या रीतीने लिहिलेली असतात. ही सारी तपासून, एकमेकांशी जुळवून, एका शिस्तीत बसवून लोकांच्या हाती देण्याचे काम जी संघटना करते, तिने सिद्ध केलेल्या संचाला वितरण म्हणतात. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी ज्याची घोषणा केली, ते डेबियन हे अशा वितरणांपैकी जुन्यातले एक. उबुंटूसारखी पुढे लोकप्रिय झालेली अनेक वितरणे त्याच्याच पायावर उभी राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ६९,००० हून अधिक पॅकेजे आहेत. या एवढ्या मोठ्या दौलतीचा कोणी मालक नाही. १९९७ साली सभासदांनी संमत केलेला सामाजिक करार, सर्वांना बंधनकारक असे एक सविस्तर धोरणपत्र, आणि प्रत्येक पॅकेजासाठी नाव घेऊन सांगता येईल असा एक माणूस किंवा गट, एवढ्या तीन गोष्टींवर हा कारभार चालतो.

पॅकेज म्हणजे काय, हे समजण्यास फार वेळ लागत नाही. मूळ लेखकाने प्रसिद्ध केलेला सोर्स घ्यावयाचा, त्याच्या शेजारी ‘डेबियन’ नावाची एक निर्देशिका ठेवावयाची, आणि तीत काही साध्या मजकुराच्या फायली लिहावयाच्या. ‘कंट्रोल’ या फायलीत पॅकेजाची ओळख आणि त्याची परावलंबने नोंदवितात. येथे भाषेची मोठी काटेकोर शिस्त आहे: ज्याच्यावाचून काम चालणारच नाही ते एका सदरात, सर्वसाधारणपणे असावेच अशा शिफारशीचे दुसऱ्या सदरात, असल्यास उपयोगी पडेल ते तिसऱ्यात, आणि ज्याच्याशी एकत्र नांदणे अशक्य ते चौथ्यात. ‘रूल्स’ या फायलीत बांधणीची कृती असते. पूर्वी ती पानभर लिहावी लागे, परंतु डेबहेल्पर या साधनसंचाने नित्याची सारी कामे स्वतःकडे घेतल्यापासून साध्या पॅकेजाला तीन-चार ओळी पुरतात. ‘चेंजलॉग’ ही तर आपल्या तलाठी दफ्तरातील फेरफाराच्या नोंदवहीची सख्खी बहीण होय: काय बदलले, कोणी बदलले, कोणत्या दिवशी आणि किती वाजता, हे तीत क्रमाने येते, आणि जुनी नोंद न खोडता नवी नोंद तिच्या वर चढविली जाते. राहिली ‘कॉपीराइट’ ही फाइल, जीत कोणत्या मजकुरावर कोणाचा हक्क आहे आणि तो कोणत्या शर्तींवर लोकांस दिला आहे, याचा तपशील असतो.

कृती इतकी सोपी असताना पॅकेज बांधणे शिकायला काही महिने आणि नीट जमायला काही वर्षे का लागतात, या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या पहिल्याच पॅकेजाने दिले. सॉफ्टवेअर लहानसे होते, माझ्या संगणकावर ते निर्वेध बांधले जात होते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे काम संपले होते. ज्या अनुभवी सभासदाने ते तपासावयास घेतले, त्याने दोन गोष्टी विचारल्या. रिकाम्या जागी बांधून पाहिलेत का? आणि प्रत्येक फाइल उघडून वाचलीत का? मी दोन्ही केले नव्हते.

रिकामी जागा म्हणजे, ज्यात किमान आवश्यक साधनांखेरीज काहीही नाही अशी, प्रत्येक बांधणीसाठी नव्याने उभी केली जाणारी आणि काम होताच मोडून टाकली जाणारी बंदिस्त व्यवस्था. तेथे माझी बांधणी पहिल्या मिनिटातच कोसळली, कारण माझ्या यंत्रावर पूर्वी केव्हातरी बसविलेले एक साधन मी आपसूक गृहीत धरले होते आणि ‘कंट्रोल’ फायलीत त्याचा उल्लेखही केला नव्हता. आपल्या ज्ञानापैकी किती भाग खरोखर आपण सिद्ध केलेला आहे आणि किती भाग घरात आधीपासून पडून असलेला आहे, हे माणसाला स्वतःच्या घरात बसून कधीच कळत नाही. ‘माझ्याकडे तर चालते’ हे वाक्य म्हणूनच या व्यवसायात पुरावा ठरत नाही. तर्कशास्त्राच्या ग्रंथांतून गृहीतकांविषयी जे वाचले होते, त्याचा प्रत्यय मला त्या रिकाम्या खोलीने दिला.

दुसऱ्या प्रश्नाने अधिक खोल नेले. मुख्य परवान्यानुसार ते सॉफ्टवेअर सर्वांसाठी मुक्त होते; परंतु एका उपनिर्देशिकेतील काही चित्रे दुसऱ्याच कोणाची होती आणि व्यापारी उपयोगास मनाई करणारी शर्त त्यांच्यावर होती. डेबियनच्या मुक्ततेच्या कसोट्यांत ती बसणारी नव्हती. मूळ लेखकाचे तिकडे लक्ष गेले नव्हते, आणि वापरणाऱ्याने ते पाहिले असते अशी शक्यता नाही. मी लेखकाला कळविले, त्याने चित्रे बदलली, आणि पॅकेज महिनाभर उशिरा संग्रहात गेले. त्या महिन्याबद्दल मला कधी वाईट वाटले नाही. आपण जिच्याबद्दल हमी देणार, ती वस्तू पुरती पाहिलेली असली पाहिजे, एवढी साधी गोष्ट शिकावयास महिना हा काही मोठा काळ नव्हे.

ही हमी व्यक्तीशी किती घट्ट बांधलेली आहे, ते प्रवेशाच्या रीतीवरून दिसते. संग्रहात जाणाऱ्या प्रत्येक पॅकेजावर कोणाच्या तरी गुप्त किल्लीची अंकीय सही असावीच लागते. नवख्याच्या किल्लीला मान्यता नसते. म्हणून आधीचा एखादा सभासद त्याचे काम तपासून स्वतःच्या सहीने वर चढवितो, आणि त्या सहीबरोबर दोषाचा भारही उचलतो. त्याला स्पॉन्सर म्हणतात. मी त्याला जामीन म्हणेन. पुढे नवख्याची किल्ली मान्य व्हावयाची, तर जुन्या सभासदांनी त्याला समक्ष भेटून, ओळखीचे कागद पाहून, तिच्यावर आपल्या सह्या कराव्यात, ही येथली रूढ रीत. कोणत्याही शासनाने लादलेली नसताना ही रीत इतकी वर्षे टिकून आहे, याचा अर्थ तिचे प्रयोजन तेथील लोकांना मनापासून पटलेले आहे.

जामिनाला लेखकाच्या कृतीत बदल करण्याचा अधिकार कितपत असावा, हा या शिक्षणातील सर्वांत नाजूक प्रश्न. येथे मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण होते. विष्णु सीताराम सुखटणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो हस्तलिखिते पडताळली, परंतु आपला निर्णय आणि हस्तलिखिताची साक्ष यांची कोठेही सरमिसळ होऊ दिली नाही. स्वीकारलेला पाठ वर, पाठभेद खाली, आणि शंकास्पद तेथे तशी खूण. पॅकेज बांधणाऱ्याची शिस्तही हीच आहे. मूळ लेखकाचा सोर्स जसाच्या तसा, एका अक्षराचाही फरक न करता ठेवावयाचा. आपण केलेली प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्र पॅच म्हणून, कारणासह, निराळी ठेवावयाची. पॅकेजाच्या आवृत्तीक्रमांकातसुद्धा जोडरेघेच्या अलीकडचा अंक लेखकाचा आणि पलीकडचा मेंटेनरचा असतो. एकाच ओळीत दोन माणसांची उत्तरदायित्वे अशी शेजारी शेजारी लिहिलेली असतात.

ही शिस्त पाळूनही जामीन चुकतो, आणि चुकतो तेव्हा त्याची चूक लेखकाच्या चुकीपेक्षा भयंकर ठरू शकते, हे लपवून माझ्या पक्षाचे समर्थन करणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००६ साली संदेशांची गुप्तता राखणाऱ्या ओपनएसएसएल या डेबियनमधील पॅकेजात, स्मृतीचा गैरवापर शोधणारे एक साधन इशारे देत होते म्हणून, दोन ओळी निकामी करण्यात आल्या. मूळ प्रकल्पातील लोकांना तत्पूर्वी विचारण्यातही आले होते. परंतु त्यांपैकी एका ओळीवरच गुप्त किल्ल्या घडविण्यास लागणारी यादृच्छिकता अवलंबून होती. ती गेल्यावर उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक, ज्याची जास्तीत जास्त मूल्ये ३२,७६८. जी किल्ली विश्वाच्या आयुष्यातही शोधून काढता येऊ नये, ती काही तासांत हाती लागावी, अशी अवस्था जवळजवळ दोन वर्षे राहिली आणि १३ मे २००८ रोजी ती जाहीर झाली. डेबियनच्याच एका सभासदाने, लुचियानो बेल्यो याने, ती शोधली होती.

या प्रकरणावरून मध्यस्थच नको, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. मला तो मान्य नाही. दुरुस्ती मूळ लेखकाकडे रीतसर जाऊन त्याच्या संग्रहात स्वीकारली गेली नाही, तर ती दुरुस्ती न राहता खाजगी पाठभेद होतो, हा त्यातील खरा बोध. आणि कोणत्या दिवशी, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या ओळी, कोणत्या कारणाने गेल्या, हे फेरफाराच्या नोंदीतून बिनचूक सांगता आले, म्हणूनच कमजोर किल्ल्यांची यादी करून त्या जगभर नाकारण्याची व्यवस्था करता आली. चूक करणारा मध्यस्थ घातक असतोच. पण चूक करून जो सापडत नाही, तो त्याहून घातक.

प्रतिपक्षाचे म्हणणे येथे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडले पाहिजे. लेखकाने आपले सॉफ्टवेअर, त्याला लागणाऱ्या सर्व लायब्रऱ्यांसह, म्हणजे अनेक सॉफ्टवेअरांनी सामाईक वापरावयाच्या तयार भागांसह, एका डब्यात भरून, थेट वापरणाऱ्याच्या हाती का देऊ नये? त्यात ताजेपणा आहे, लेखकाच्या इच्छेचा मान आहे, आणि एकच काम दहा वितरणांनी दहा वेळा करण्याची उधळपट्टी टळते. २०१६ साली एका सुप्रसिद्ध स्क्रीनसेव्हरच्या लेखकाने, डेबियनच्या स्थिर आवृत्तीतील आपल्या जुन्या प्रतीमुळे तक्रारी मात्र आपल्याकडे येतात, असे कळवळून सांगितले होते. ती तक्रार खोटी नव्हती. स्थैर्य हवे म्हणून लोकांना वर्षानुवर्षे जुनी आवृत्ती देणे आणि तिच्या दोषांचे उत्तर लेखकाने द्यावे असे गृहीत धरणे, हा जामीनकीचा भंगच आहे.

तरीही दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. ७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड हा ओपनएसएसएलमधील भीषण दोष उघड झाला. ज्या वितरणांत ती लायब्ररी सर्वांसाठी एकच होती, तेथे एक पॅकेज बदलले, सेवा पुन्हा सुरू केल्या, आणि तिच्यावर अवलंबून असणारी शेकडो सॉफ्टवेअरे एकाच वेळी सुधारली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतील दोष उघड झाला, तेव्हा मात्र मोठमोठ्या संस्थांना दुरुस्तीच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागला: ही लायब्ररी आपल्याकडे आहे तरी कोठे कोठे? डब्यात डबा आणि त्यात आणखी डबा अशा रीतीने तिच्या प्रती पसरल्या होत्या आणि त्यांची यादी कोणापाशीच नव्हती. मार्च २०१६ मध्ये तर एका लेखकाने रागाच्या भरात आपले अवघ्या अकरा ओळींचे लेफ्टपॅड हे पॅकेज सार्वजनिक संग्रहातून काढून घेतले आणि जगभरच्या बांधण्या बंद पडल्या. मध्यस्थ नाहीसा केल्याने त्याने करावयाचे काम नाहीसे होत नाही. ते काम ज्याला ते करावयाचे आहे याचीही कल्पना नाही, अशा वापरणाऱ्याकडे मुकाट्याने वर्ग होते.

आणि २०२४ च्या मार्चअखेरीस घडलेली एक्सझेडची घटना या वादातील दोन्ही पक्षांना अंतर्मुख करणारी आहे. फायली दाबून लहान करणारी ही लायब्ररी एकटा, थकलेला एक लेखक सांभाळीत होता. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून त्याचा विश्वास संपादन केला, सहमेंटेनरचे अधिकार मिळविले, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दूरस्थ संगणकात शिरण्याचे चोरदार बसविले. ते पूर्णतया कार्यान्वित करणारा भाग उघड्या सोर्ससंग्रहात नव्हता. प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात तेवढा होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे खटकले, त्याने चिकाटीने मूळ गाठले, आणि २९ मार्च रोजी ते जगाला कळविले. डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत ते विष पोहोचले होते. स्थिर आवृत्तीत पोहोचले नव्हते, कारण तेथवर जाण्यास काळ जावा लागतो; ज्या विलंबाला आपण आळस म्हणतो, तो येथे सोवळ्याच्या उंबरठ्यासारखा कामी आला. परंतु हेही सांगितले पाहिजे की, दूरस्थ प्रवेशाच्या मूळ सॉफ्टवेअरला त्या लायब्ररीची गरजच नव्हती; काही वितरणांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या जोडणीतून ती आडवाटेने आत आली होती. तेव्हा कोणत्याही मेंटेनरने या घटनेचा अभिमान बाळगू नये. जामिनाने कर्जदाराच्या घरची हालहवाल ठेवली पाहिजे, ही जुनी व्यवहारनीती. ज्याच्या श्रमांवर आपण हमी देतो, तो माणूस एकाकी आणि थकलेला आहे, हे ठाऊक असणे व त्याचा भार हलका करणे, हाही पॅकेज सांभाळण्याचाच भाग होय.

केवळ शब्दावर हमी स्वीकारावी लागू नये, यासाठी गेल्या दशकभरात डेबियनमध्ये आणि अन्यत्र जो मोठा उद्योग चालला आहे, तो मला या साऱ्या विचाराची परिणती वाटतो. एकाच सोर्सपासून कोणीही, कोठेही, केव्हाही बांधले तरी फलित अक्षरशः एकसारखे यावे, म्हणजे बांधणाऱ्याने मध्येच काही मिसळले नाही याची खातरजमा तिऱ्हाइताला करता यावी, हा त्याचा हेतू. त्यातील एक अडथळा म्हणजे बांधणीची वेळ, जी पुष्कळ सॉफ्टवेअरे आपल्या पोटात कोरून ठेवतात आणि जी दर वेळी अर्थातच निराळी असते. त्यावरचा उपाय असा की, भिंतीवरच्या घड्याळाऐवजी ‘चेंजलॉग’मधील शेवटच्या नोंदीची वेळ हीच बांधणीची वेळ मानावयाची. एका माणसाने आपल्या नावाने केलेली नोंद हे यंत्राचे घड्याळ व्हावे, याहून या व्यवस्थेचे मर्म सांगणारे दुसरे उदाहरण मला सापडलेले नाही.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदीतील वळणांहून निराळी असली, तरी संगणकाच्या संकेतावलीत प्रत्येक अक्षराच्या दोन्ही वळणांना क्रमांक एकच. वेगळेपण राखावयाचे ते टंकानेच. लोहित या मुक्त टंकाचे मराठीसाठी वेगळे पॅकेज डेबियनमध्ये आहे, मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या शब्दसंग्रहाचेही आहे. आणि ती नव्या नव्या आवृत्त्यांत टिकावयाची, तर कोणीतरी ती पुन्हा बांधून, तपासून, स्वतःच्या सहीने वर चढवीत राहिले पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनचे जागतिक संमेलन प्रथमच भारतात, कोचीला भरले. आपल्याकडील तरुणांना नवे सॉफ्टवेअर निर्माण करण्याचे स्वप्न आपण हौसेने दाखवितो. निर्माण झालेले सांभाळण्याचे व्रत मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात शिकविले जात नाही, आणि त्या व्रताला आपण प्रतिष्ठाही देत नाही. भाषेच्या अभिमानाची भाषणे पुष्कळ होतात. भाषेचा एक टंक दहा वर्षे सांभाळणाऱ्याचे नाव आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

शेवटी या व्यवस्थेतील एका रीतीचा उल्लेख करतो. ज्याला आपले पॅकेज यापुढे सांभाळणे शक्य नसेल, त्याने तसे जाहीर करावे अशी तेथे अपेक्षा असते. मग ते पॅकेज अनाथ म्हणून नोंदविले जाते, आणि ज्याला ते घ्यावयाचे असेल तो दत्तक घेण्याचा इरादा लेखी कळवितो. हे शब्द मी अलंकारासाठी योजलेले नाहीत. तेथील नोंदीतील इंग्रजी संज्ञांचा अर्थ तंतोतंत हाच आहे. प्रपंच, आजारपण, वार्धक्य कोणाला चुकले आहे? जन्मभराची हमी कोणीच देऊ शकत नाही. परंतु ‘मला यापुढे जमणार नाही, कोणीतरी हे हाती घ्या’ असे वेळीच लिहून ठेवणारा माणूस जामीनकीतून पळून गेला असे मी म्हणणार नाही. हमी संपल्याची खबर ज्याला ती दिली होती त्याच्यापर्यंत पोहोचविणे, हे जामिनाचे अखेरचे कर्तव्य असते, आणि ते त्याने पुरे केलेले असते. त्यानंतर फेरफाराच्या वहीत नवी नोंद वर चढते, तिच्या तळाशी नव्या माणसाचे नाव आणि दिनांक येतो, आणि त्याच्या खाली जुन्या माणसाची नोंद, न खोडलेली, तशीच राहते.